काचेचा बूट आणि नावडती सून

सिंड्रेलाची गोष्ट ऐकताना चौकस मूल हमखास एका जागी अडतं. बाराचे ठोके पडले की गाडीचा भोपळा होतो, घोड्यांचे उंदीर होतात, भरजरी झग्याच्या चिंध्या होतात. मग बूट तेवढा काचेचा कसा राहतो? पाठोपाठ दुसरी शंका येते: अख्ख्या राज्यात त्या मापाचं पाऊल एकाच मुलीचं कसं? सांगणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं आणि गंमत अशी की, उत्तर नसल्यानं गोष्टीचं काही बिघडतही नाही. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली हा काचेचा बूट छापला. पण बूट हरवणारी मुलगी त्याच्या आधीही होती. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चेंगशी याने येशिअन नावाच्या मुलीची गोष्ट टिपून ठेवली. सावत्र आईचा जाच, मदत करणारा मासा, उत्सवात हरवलेला सोन्याचा जोडा आणि तो घेऊन मालकिणीला शोधणारा राजा, सगळं तिच्यात आहे. १८९३ साली मेरियन कॉक्स यांनी या कुळातल्या गोष्टी एकत्र केल्या तेव्हा त्यांची संख्या ३४५ भरली.

एवढ्या दूरदूरच्या माणसांनी इतकी सारखी गोष्ट का सांगावी, आणि तिचा अर्थ काय लावावा? या प्रश्नांवर दोनशे वर्षं वाद चालू आहेत. कुणाला या गोष्टींत सूर्य-चंद्र दिसले, कुणाला मनातल्या दडपलेल्या इच्छा, कुणाला भुकेलेला शेतकरी. या लेखाचं म्हणणं साधं आहे. बुटाचा, टोपीचा किंवा जंगलाचा अर्थ सांगण्याची घाई करण्याआधी एकाच गोष्टीची निरनिराळी रूपं शेजारी-शेजारी मांडावीत. अभ्यासक या रूपांना ‘पाठ’ म्हणतात. सगळ्या पाठांत जे टिकतं त्याचं कारण बहुधा गोष्ट सांगण्याच्या रीतीत सापडतं. जे बदलतं ते सांगणाऱ्याच्या घरादाराबद्दल बोलतं. ही चाळणी न लावता काढलेला अर्थ कितीही देखणा असला तरी तो पोकळ निघू शकतो.

ताट तेच, भाजी वेगळी

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ज्यांना आपण परीकथा म्हणतो त्यांतल्या बहुतेकींत परी नसतेच. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाला मदत करते ती आईच्या थडग्यावर उगवलेल्या झाडावरची पाखरं. मराठीत ‘राजाराणीच्या गोष्टी’ हा शब्द जास्त नेमका आहे. तरीही परीकथा म्हटलं की आपल्याला काहीतरी ठरावीक अपेक्षित असतं: घरातलं दुःख, घराबाहेरचा प्रवास, वाटेत भेटलेला मदतनीस, जादूची वस्तू, परीक्षा, ओळख पटण्याची खूण आणि शेवटी लग्न किंवा राज्य.

या अपेक्षेचं व्याकरण मांडलं व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने, १९२८ साली. अफानास्येव यांच्या रशियन लोककथांच्या संग्रहातल्या शंभर अद्भुतकथा घेऊन त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. कथेत ‘कोण’ आहे हे बाजूला ठेवून ‘काय घडतं’ एवढंच पाहिलं तर? राजा नायकाला गरुड देतो, म्हातारा घोडा देतो, मांत्रिक होडी देतो. पात्रं आणि वस्तू वेगळ्या, पण कथेतलं काम एकच: कुणीतरी नायकाला दूर नेणारं साधन देतं. अशी ३१ कामं प्रॉपने मोजली आणि ती करणाऱ्या सात भूमिका सांगितल्या. सगळी कामं प्रत्येक गोष्टीत येत नाहीत. पण जी येतात ती ठरलेल्या क्रमानेच येतात, असं त्याचं म्हणणं होतं. पंगतीचं ताट आठवा. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. आज भाजी बटाट्याची असेल, उद्या वांग्याची. पण तिची जागा ठरलेली. वाढणाऱ्याला दर वेळी विचार करावा लागत नाही, जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. गोष्टीचंही तसंच आहे. सांगणाऱ्याला पुढची जागा ठाऊक असते, तिथे काय वाढायचं हे तो त्या दिवशी ठरवतो.

सगळे घटक ओळखीचे दिसले म्हणून गोष्ट एकच आहे, असं मात्र समजू नये. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतलं जंगल, खायला टपलेले प्राणी, हे वाचून भोपळ्यातल्या म्हातारीची आपली गोष्ट लाल टोपीवालीची बहीण वाटेल. पण लाल टोपीच्या गोष्टीचा कणा म्हणजे आजीचं सोंग घेतलेला लांडगा. आपल्या गोष्टीत सोंग नाही, मुदतीची युक्ती आहे: आता खाऊ नका, लठ्ठ होऊन येते, मग खा. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दोन्हींचे क्रमांक म्हणूनच वेगळे आहेत. हे वर्गीकरण १९१० साली आन्ती आर्ने यांनी सुरू केलं, स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवलं आणि २००४ साली हान्स-यॉर्ग उथर यांनी पुन्हा बांधलं. त्यात सिंड्रेला ५१० अ, तर लाल टोपीवाली ३३३.

तीनच भाऊ का?

राजाला तीन मुलगे, तीन इच्छा, तीन रात्री. तीन या आकड्याला कुणी त्रिमूर्तीशी जोडतं, कुणी ख्रिस्ती त्रैक्याशी. त्याआधी तीन हा आकडा गोष्टीत काय काम करतो ते पाहू. थोरला भाऊ निघतो, वाटेतल्या म्हाताऱ्याला भाकरी नाकारतो आणि फसतो. धाकट्यापर्यंत पोचण्याआधी मधला तेच करतो आणि तोही फसतो. पहिल्यामुळे घटना कळते, दुसऱ्यामुळे नियम कळतो, तिसरा नियम मोडतो. नियम बसवून मोडायला किमान तीन खेपा लागतात. दोनांत नियमच बसत नाही, आणि चौथी खेप आली तर ऐकणारे कंटाळण्याची भीती. डेन्मार्कचे ॲक्सेल ओलरिक यांनी १९०९ साली लोककथांचे काही ‘नियम’ मांडले. त्यांत हा तिनाचा नियम होता, तसाच एका प्रसंगात शक्यतो दोनच पात्रं बोलतात हाही होता. कागदाशिवाय गोष्ट सांगायची तर गर्दी परवडत नाही. पायी निघालेला माणूस गाठोड्यात नेमकं हवं तेवढंच बांधतो. तोंडी चाललेल्या गोष्टीचंही ओझं असंच हलकं होत जातं.

यावर आक्षेप येईल की, आपल्याकडे तर सात भाऊ, सात समुद्र असतात. उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समूहांच्या कथांत चार हा आकडा चालतो. आक्षेप बरोबर आहे आणि त्याने मूळ मुद्दा पक्काच होतो. आकडा बदलतो, पण पुनरावृत्ती आणि शेवटच्या खेपेला होणारा मोड टिकून राहतो. श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना आहेत. तीन आवडत्या, एक नावडती. आकडा चार झाला तरी बांधणी तीच आहे. एका माळेत बसणाऱ्या तिघी आणि माळेबाहेरची एक, जिच्याकडे गोष्टीचं सगळं लक्ष आहे. म्हणजे अर्थ लावायचाच तर ‘तीन’चा न लावता ‘माळेबाहेरची’चा लावावा. धाकटा, नावडती, वेडगळ, राखेत बसणारी, असं घरात ज्याला मोल नाही त्यालाच गोष्ट पुढे आणते. हा घटक जवळजवळ सगळीकडे टिकतो.

काच, सोनं आणि कापलेली बोटं

आता बुटाकडे. एकोणिसाव्या शतकात बाल्झाक यांच्यासारख्या मोठ्या कादंबरीकाराने असं सुचवलं की, बूट मुळात खारीच्या मऊ कातडीचा असावा. फ्रेंच भाषेत त्या कातडीचा शब्द आणि काचेचा शब्द यांचा उच्चार सारखा असल्याने घोटाळा झाला. काचेचा बूट घालून कोण नाचेल, हा त्यामागचा व्यवहारी विचार. पण पेरोने काच असंच छापलं आहे, आणि उंदरांचे घोडे होणाऱ्या गोष्टीत पादत्राणांचा व्यवहार तेवढा का तपासायचा? माक्स ल्यूथी या स्विस अभ्यासकाने दाखवून दिलं आहे की परीकथेला कडक, चकाकणाऱ्या आणि काठ स्पष्ट असलेल्या वस्तू आवडतात: सोनं, चांदी, काच, स्फटिक. तिचे रंगही तसेच, दुधासारखा पांढरा, रक्तासारखा लाल, कोळशासारखा काळा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अशी वस्तू एका शब्दात उभी राहते आणि सांगणाऱ्याच्या लक्षात राहते.

कडकपणाचं दुसरंही काम आहे. ओळखीची खूण खोटी ठरता कामा नये. कातडी ताणते, काच आणि सोनं ताणत नाही. ग्रिमच्या पाठात जोडा सोन्याचा आहे. तो बसेना म्हणून एक सावत्र बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच कापते आणि रक्त पाहून पाखरं राजपुत्राला सावध करतात. मऊ जोडा असता तर हा प्रसंगच घडला नसता. आता भारतीय पाठ पाहा. ए. के. रामानुजन यांनी अभ्यासलेल्या ‘हंची’ या कन्नड कथेत जोडा मुळी नाहीच. मुलीचे केस सोन्याचे आहेत, ते आणि चेहरा ती मातीच्या मुखवट्याखाली झाकते आणि श्रीमंताच्या घरी राबते. न्हाताना केस दिसतात आणि खरी ओळख पटते. बूट गेला, केस आले. पण ‘मळक्या रूपाखाली दडलेली, एकमेव मालकीण असलेली खूण’ राहिली. बुटाच्या आकारात लैंगिक प्रतीक शोधणाऱ्याला हंचीपुढे थांबावं लागतं. सुरुवातीच्या दोन्ही शंकांचं उत्तरही इथेच आहे. बूट उरतो, कारण खूण उरली नाही तर गोष्ट संपते. आणि तो एकाच पायाला बसतो, कारण तीच त्या खुणेची व्याख्या आहे.

सावत्र आई कुठून आली?

गोष्टीतली आई इतक्या वेळा का मरते आणि सावत्र आई इतकी दुष्ट का असते? मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. मुलाला आईचा राग येतो, पण आईवर रागावणं त्याला झेपत नाही. गोष्ट आईचे दोन भाग करते. चांगली आई मेलेली किंवा परी झालेली, वाईट ती सावत्र. मग रागही काढता येतो आणि प्रेमही अबाधित राहतं. विचार सुंदर आहे. चाळणी लावून पाहू. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हेन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून देणारी बाईही सुरुवातीला आईच होती. ती सावत्र झाली १८४०च्या आवृत्तीत. हा बदल लेकरांच्या मनाने केलेला नाही. मातृत्वाचं पावित्र्य जपू पाहणाऱ्या आणि पुस्तक घराघरांतल्या मुलांच्या हाती जाणार हे ओळखणाऱ्या संपादकाने तो केला. विल्हेल्म ग्रिम १८५७च्या सातव्या आवृत्तीपर्यंत या मजकुरावर हात फिरवत होता.

म्हणजे सावत्र आई ही ग्रिमचीच निर्मिती का? नाही. येशिअनच्या गोष्टीत ती होती. १६३४ ते १६३६ दरम्यान छापलेल्या बाझिले याच्या नेपल्सच्या संग्रहातही ती आहे, आणि तिथली नायिका तर शिक्षिकेच्या सांगण्यावरून सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण आदळून तिचा जीव घेते. बाळंतपणात बायका सर्रास दगावत, पुरुष दुसरं लग्न करत आणि एका चुलीवरच्या अन्नावर दोन आयांची मुलं हक्क सांगत, त्या जगात सावत्र आईची गोष्ट सुचायला मानसशास्त्राची गरज नव्हती. हेन्सेल-ग्रेटेलची गोष्ट सुरूच होते ती घरातल्या भाकरीच्या टंचाईने. बेटेलहाइम यांचं उत्तर यामुळे रद्द होत नाही, त्याची हद्द मात्र कळते. छापील गोष्ट आजच्या मुलाच्या मनात काय करते याचं ते उत्तर असू शकेल. गोष्टीत सावत्र आई का आली याचं ते उत्तर नव्हे.

आपल्या बाजूचा पुरावा इथे फार बोलका आहे. मराठी कहाण्यांत जाच करणारी बाई बहुधा माहेरची नसते. सासू, जाऊ, सवत आणि सगळ्यांनी मिळून नावडती ठरवलेली सून, असा तो पट आहे. व्रताच्या निमित्ताने बायकांनी बायकांना सांगितलेल्या या कहाण्या, आणि सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघींचं दुःख सासरच्या उंबऱ्याआतलं. युरोपातली छापील परीकथा लग्नापाशी थांबते. रामानुजन यांनी लक्षात आणून दिलं की भारतातल्या स्त्रियांच्या कथांत लग्न पुष्कळदा मध्येच येतं आणि खरी परीक्षा त्यानंतर असते. १८६८ साली मेरी फ्रियर यांनी छापलेल्या ‘ओल्ड डेक्कन डेज’मधली सोदेवाबाई याचा नमुनाच आहे. तिचा प्राण गळ्यातल्या हारात आहे. डोंगरात फुलं वेचताना तिच्या पायातली वहाण पडते, ती राजपुत्राला सापडते आणि लग्न होतं. पेरोची गोष्ट इथे संपली असती. पण राजपुत्राला आधीची एक बायको आहे. ती हार चोरवते आणि सोदेवाबाई निष्प्राण होते. सवत रात्री हार काढून ठेवते तेवढा वेळ ती जिवंत असते. जोड्याची खूण तीच, पण छळणारी बाई सावत्र आईच्या जागेवरून सवतीच्या जागेवर सरकली. ताटातली जागा तीच, भाजी त्या घरची.

लाल टोपीची परीक्षा

अर्थ लावताना घसरायचं कसं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण लाल टोपीवालीचं आहे. १९५१ साली एरिक फ्रॉम यांनी टोपीचा लाल रंग म्हणजे ऋतुप्राप्ती, असं वाचन केलं. इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी १९८४ साली त्यावर बोट ठेवलं: फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या तोंडी पाठांत ती टोपीच नाही! टोपी पेरोने घातली. ग्रिम बंधूंना ही गोष्ट मिळाली ती कासेल शहरातल्या, फ्रेंच नाती असलेल्या सुशिक्षित घरातून, त्यामुळे टोपी जर्मनीतही पोचली. शेवटही असेच बदलतात. पेरोच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि खाली गोडबोल्या लांडग्यांपासून तरुणींनी सावध राहावं असा बोध येतो. वाचक राजदरबाराच्या वर्तुळातले होते. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी पोट फाडून दोघींना बाहेर काढतो आणि मुलगी आईचं ऐकायला शिकते. वाचक मध्यमवर्गीय कुटुंबं होती. फ्रेंच खेड्यांत टिपलेल्या एका पाठात मात्र मुलगी परसाकडे जायचं निमित्त करते, पायाला बांधलेली दोरी झाडाला बांधते आणि पळून जाते. तिला वाचवायला कुणी येत नाही आणि तिला कुणी उपदेशही करत नाही. ‘परीकथेतल्या मुली परावलंबी असतात’ हा आरोप त्यामुळे गोष्टींवर करण्याआधी छापणाऱ्यांवर करायला हवा.

पाठ शेजारी मांडण्याची ही रीत आता गणिताच्याही हाती आली आहे. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या जातींची वंशावळ काढतात त्या पद्धतीने मानववंशशास्त्रज्ञ जमशीद तेहरानी यांनी २०१३ साली या गोष्टीच्या ५८ पाठांची वंशावळ काढली. लाल टोपीची गोष्ट आणि लांडगा व शेळीच्या पिल्लांची गोष्ट या दोन वेगळ्या शाखा ठरल्या. पूर्व आशियातल्या वाघोबा-आजीच्या गोष्टींत दोन्हींचे धागे मिसळलेले आहेत.

मग अर्थ लावायचाच नाही का?

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा: पाठ मोजत बसलं तर गोष्टीतला जीवच जाईल, ऐकणाऱ्या मुलीला ३४५ सिंड्रेला कुठे ठाऊक असतात? तिला भेटते ती एकच, आणि तिच्यासाठी तोच अर्थ खरा. हे मान्य आहे. ऐकणाऱ्याला स्वतःचा अर्थ लावण्याचा पूर्ण हक्क आहे. प्रश्न येतो तो ‘मला असं वाटलं’ इथून ‘या गोष्टीचा अर्थ असाच आहे’ इथे उडी मारली की. एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलर यांच्या प्रभावाखालचे अभ्यासक दर गोष्टीत सूर्य पाहू लागले. गिळली गेलेली लाल टोपीवाली म्हणजे रात्रीने गिळलेला सूर्य. तेव्हा १८७० साली लिटलडेल या विनोदी बुद्धीच्या धर्मोपदेशकाने तीच पद्धत वापरून खुद्द माक्स म्युलर ही एक सूर्यकथा आहे असं सिद्ध करून दाखवलं. सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली एकाही कुलपाबद्दल काही सांगत नाही.

पाठ तपासल्यावर अर्थ उणा होत नाही, नेमका होतो. घरात मोल नसलेल्या माणसाचं मोल कुणीतरी ओळखावं, ही आस सगळ्या पाठांत टिकते. ते ओळखण्याच्या आड कोण येतं, आई, सावत्र आई की सवत, हे बदलतं. आणि त्या बदलात त्या-त्या घराची कुलपं-किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या ते दिसतं.

चौकट: गोष्टीचा अर्थ लावण्याआधी

- हा घटक दुसऱ्या पाठांतही आहे का? नसेल तर तो एखाद्या लेखकाचा किंवा संपादकाचा असू शकतो.
- तो गोष्टीत कोणतं काम करतो? आधी काम, मग प्रतीक.
- सांगणारी कोण, ऐकणारे कोण? राजदरबार, शाळा, माजघर की व्रताचा पाट?
- कोणती आवृत्ती, कोणतं साल? १८१२ची आई १८१९मध्ये सावत्र झालेली असू शकते.
- लावलेला अर्थ कोणत्या पुराव्याने चुकीचा ठरेल? कशानेच ठरत नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सोदेवाबाईची गोष्ट आज आपल्या हाती आहे ती ॲना लिबेराटा डिसोझा या आयेमुळे. तिच्या आजोबांचं घराणं मूळचं लिंगायत. ते गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले. गोष्टी ॲनाला आजीकडून मिळाल्या. १८६५-६६च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना तिने त्या मेरी फ्रियर यांना सांगितल्या, आणि पुस्तकात गोष्टींच्या आधी सांगणारीची हकीकतही छापली गेली. त्या काळात हे क्वचितच घडे. म्हणून एक विनंती. घरातल्या आजीची गोष्ट फोनवर टिपून घ्याल तेव्हा ती ‘सुधारू’ नका. पुस्तकातल्या गोष्टीशी जिथे जुळत नाही तिथे तर मुळीच नाही. आणि गोष्टीखाली तिचं नाव, गाव आणि ती कुणाकडून ऐकली हे लिहून ठेवा.